अंगठा, रेंज आणि ओटीपी : डहाणू-तलासरीतील संपर्कसाधने

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला गुजरात आणि ईशान्येला दादरा-नगर हवेली. 2011 च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे 4 लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख होती. तलासरीत दर दहा माणसांमागे नऊ आदिवासी आहेत. रोजच्या बोलण्यात या मुलखाचे दोन भाग पडतात : बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. बंदरपट्टीत मासेमारीची गावे, चिकूच्या वाड्या आणि रेल्वे आहे. पूर्वेकडे, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या पलीकडे डोंगर सुरू होतात आणि गाव म्हणजे एकमेकांपासून दूर विखुरलेले दहा-बारा पाडे, असे चित्र दिसते. मोबाइलची रेंजही साधारण याच रेषेने विभागली गेली आहे.

संपर्कसाधनांवरचे अवलंबन म्हणजे हातातून फोन न सुटणे, असा समज आहे. या दोन तालुक्यांतले चित्र वेगळे आहे. इथे ज्याच्याकडे फोन नाही तोही फोनच्या जाळ्यावर तेवढाच, कित्येकदा अधिक, अवलंबून असतो. त्याचे रेशनचे धान्य, रोजगार हमीची मजुरी, मुलाचा पोषण आहार आणि म्हातारपणाचे अनुदान या साऱ्यांच्या नोंदी नेटवर्कवरून होतात. शहरातल्या माणसाचा फोन बंद पडला तर त्याची गैरसोय होते. जंगलपट्टीत रेंज गेली तर महिन्याचे धान्य अडते. ही स्थिती कशी आली, हे समजण्यासाठी आधीच्या साधनांकडे पाहावे लागते.

हाक, बाजार आणि तार

फोनच्या आधीही निरोप फिरत होतेच. गावात दवंडी पिटली जाई. रात्री तारपा या वाद्याचा सूर एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यापर्यंत जाई आणि नाच कुठे रंगला आहे ते कळे. आठवडी बाजार हा बातम्यांचा मोठा अड्डा होता. मीठ, सुकट आणि कापड घेताना लग्न, मयत, मजुरीचा दर आणि सावकाराची चाल यांची खबर मिळे. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत वर्षभरात न भेटलेले नातेवाईक भेटत.

तारायंत्र आले ते रेल्वेबरोबर. बीबी अँड सीआय रेल्वेचा मुंबई-सुरत मार्ग 1864 मध्ये जोडला गेला आणि रुळांच्या कडेने तारांचे खांब उभे राहिले. गाडी पुढच्या स्टेशनवर पोहोचल्याची वर्दी तारेने मिळाल्याखेरीज मागची गाडी सोडता येत नसे, म्हणून ही तार मुख्यतः रेल्वेच्या कामाची होती. डोंगरातल्या पाड्यांशी तिचा संबंध नव्हता. तिथे निरोप पायीच जाई.

पायी जाणारा निरोपही किती दूर पोहोचू शकतो, हे 1945 मध्ये दिसले. 23 मे 1945 रोजी झरी या गावी (आजच्या तलासरी तालुक्यात) किसान सभेच्या मेळाव्याला हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, हा निर्णय तिथून पाड्यापाड्यांवर पोहोचला. छापील पत्रक वाचणारे थोडे होते. लाल बावटा आणि तोंडी निरोप हीच साधने होती. पण याच साधनांचा घातही झाला. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे मोठी सभा असल्याचा आणि किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर तिथे येणार असल्याचा खोटा निरोप पसरवण्यात आला. हा निरोप जमीनदारांनी पेरल्याचे चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. निरोपावर विश्वास ठेवून हजारो लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. निरोप खरा की खोटा, हे पडताळून पाहण्याचे साधन जमलेल्यांच्या हाती नव्हते.

ट्रंक कॉलपासून डेटापर्यंत

स्वातंत्र्यानंतर टपाल सर्वदूर गेले. 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड आला : डहाणू रोड 401602, तलासरी 401606. टेलिफोन मात्र अनेक वर्षे बाजारपेठ, सरकारी कचेरी आणि बागायतदारांची घरे यांपुरता राहिला. बाहेरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहावी लागे. एसटीडी आल्यावर डहाणूला 02528 आणि तलासरीला 02521 हे क्रमांक मिळाले. पिवळ्या पाटीची पीसीओ दुकाने स्टेशन, एसटी स्थानक आणि नाक्यांवर निघाली. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून तेव्हा तिथे रांग लागे. पीसीओवाला निरोप्याही असे. कोणाचा फोन आला की पोराला पिटाळून घरच्यांना बोलावून आणण्याचे काम त्याच्याकडे असे.

भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. मोबाइलचे टॉवर आधी रेल्वे आणि महामार्गाच्या कडेने आले, कारण गिऱ्हाईक तिथे होते. 2013 च्या जुलैमध्ये तारसेवा कायमची बंद झाली. 2016 मध्ये 4जीचा स्वस्त डेटा आला आणि तीन-चार वर्षांतच साधा फोन असलेल्या घरात स्मार्टफोन दिसू लागला. पीसीओच्या त्याच टपऱ्यांवर आज रिचार्ज, झेरॉक्स, फोटो आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे काम चालते.

सीमेवरचा मुलूख असल्याने इथे आणखी एक गंमत घडते. रेडिओलहरींना राज्याची हद्द ठाऊक नसते. अच्छाड, उधवा, झाई या बाजूला फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो, तर कधी गुजरातचा, आणि घरात बसूनच माणसाला परराज्यात स्वागत असल्याचा संदेश येतो. रोमिंगचे वेगळे पैसे पडत त्या काळात याची झळ खिशाला लागे.

टॉवर कसा काम करतो

मोबाइल म्हणजे लहानसे रेडिओयंत्र. त्यातून निघालेल्या लहरी जवळच्या टॉवरवरील अँटेनापर्यंत पोहोचतात. तिथून पुढचा प्रवास एक तर जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून होतो, किंवा दुसऱ्या टॉवरकडे रोखलेल्या मायक्रोवेव्ह तबकडीतून. म्हणून फोनवर दांडे दिसत असूनही कॉल लागत नाही किंवा नेट चालत नाही, असे घडते. फोन ते टॉवर हा पहिला टप्पा शाबूत असतो, पण पुढची फायबर रस्त्याच्या खोदकामात तुटलेली असते.

लहरींची वारंवारता जितकी कमी, तितक्या त्या दूर जातात आणि अडथळे चांगले ओलांडतात. 700 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी काही किलोमीटर पोहोचतात. 2300 मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, पण लवकर क्षीण होतात. गंभीरगडासारख्या डोंगराच्या कुशीतला पाडा लहरींच्या सावलीत येतो. टॉवर सरळ रेषेत तीन किलोमीटरवर असला, तरी मध्ये उभी टेकडी असेल तर सिग्नल मिळत नाही. म्हणूनच अशा पाड्यांना रेंजची ठिकाणे असतात. शाळेमागचा कातळ, टेकडीवरचे झाड, रस्त्याचे वळण अशा जागा गावात पोरासोरांनाही ठाऊक असतात.

आणखी एक गरज विजेची. टॉवरला अखंड वीज लागते. ती गेली की बॅटरी काही तास चालते, मग डिझेल जनरेटर असेल तर तो. पावसाळ्यात वादळाने खांब पडले आणि वीज दोन दिवस आली नाही, तर टॉवरही मुका होतो. डहाणूच्या 500 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राची वीज मुख्यतः मुंबईच्या उपनगरांसाठी आहे. त्याच तालुक्यातल्या पाड्यावर वीज आणि रेंज एकदमच जाते.

धान्याच्या रांगेत

रेशन दुकानात पूर्वी कार्डावर नोंद होई आणि धान्य मिळे. आता काउंटरवर ई-पॉस यंत्र असते. लोक त्याला पॉस मशीन म्हणतात. कार्डाचा क्रमांक टाकला की कुटुंबातील माणसांची नावे पडद्यावर येतात. त्यांपैकी एकाने अंगठा ठेवायचा. यंत्र अंगठ्याच्या रेषांचा नमुना सिमकार्डच्या नेटवर्कवरून आधारच्या मध्यवर्ती नोंदींकडे पाठवते. जुळले तर हिरवा कौल येतो, पावती निघते आणि मग तराजू हलतो. सगळे सुरळीत असेल तर हे काम मिनिटभराचे आहे.

ते अडण्याच्या जागा तीन. पहिली रेंज : यंत्रावरचे चक्र फिरत राहते आणि दुकानदार यंत्र हातात घेऊन दाराबाहेर जातो, क्वचित ते खिडकीच्या गजावर ठेवतो. दुसरी सर्व्हर : महिन्याच्या सुरुवातीला राज्यभरातील दुकानांतून एकाच वेळी मागण्या जातात. तिसरी खुद्द अंगठा. गवत कापणाऱ्या, वीटभट्टीवर विटा थापणाऱ्या, जाळी ओढणाऱ्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हातारी बाई अंगठा पुसते, लुगड्याला घासते, दुसरे बोट लावते. तरीही जुळले नाही तर नातवाला शाळेतून बोलावणे धाडावे लागते. अशा वेळी धान्य नाकारू नये, वहीत नोंद करून ते द्यावे, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना कळवले होते. हा नियम माहीत असणे हेही धान्य मिळण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

या यंत्राने एक मोठी सोयही केली. दिवाळीनंतर इथली कुटुंबे ‘जगायला’ बाहेर पडतात : वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत, गुजरातच्या बंदरांवर. जुन्या पद्धतीत कार्ड गावाच्या दुकानाला बांधलेले होते आणि हंगामभर हक्काचे धान्य बुडे. 9 ऑगस्ट 2019 रोजी आंतरराज्य रेशनची सोय सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन जोड्यांपैकी एक महाराष्ट्र-गुजरात होती. नेटवर्क नसते तर ही सोय शक्यच नव्हती. अडवणारी आणि सोय करणारी यंत्रणा एकच आहे.

हजेरी, खाते आणि ओटीपी

रोजगार हमी ही मुळात महाराष्ट्राची देणगी. तिचा कायदा 1977 चा. कामावर मुकादम कागदी मस्टरवर हजेरी मांडत असे. खोटी नावे हा मस्टरचा जुना रोग. त्यावर उपाय म्हणून केंद्राच्या योजनेत 1 जानेवारी 2023 पासून सर्व सामूहिक कामांवर मोबाइल अ‍ॅपची हजेरी सक्तीची झाली. कामाच्या जागेवरून दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो काढायचा आणि त्यावर वेळ व ठिकाण आपोआप उमटायचे. बांध घातला, खड्डे खणले, पण फोटो चढला नाही, तर हजेरी लागत नाही. श्रमाचा पुरावा श्रमाच्या जागेवर राहिला नाही. तो फोनमध्ये गेला.

मजुरी खात्यात जमा होते आणि खाते आधारशी जोडलेले असते. जंगलपट्टीतून बँकेची शाखा दूर पडते, म्हणून नाक्यावरच्या बँक प्रतिनिधीकडे अंगठा देऊन पैसे काढले जातात. इथेही रेंज हवीच. बाकी कामांना ओटीपी लागतो. ओटीपीमागचे गृहीतक असे, की एका माणसाचा एक क्रमांक असतो आणि तो वर्षानुवर्षे चालू राहतो. पाड्यावर पाच माणसांच्या घरात एक फोन असतो आणि तो कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. काही महिने रिचार्ज झाले नाही की सिम बंद पडते आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. मग आधारशी जोडलेल्या क्रमांकावर गेलेला ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. क्रमांक बदलण्यासाठी आधार केंद्र गाठावे लागते, म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि जीपचे भाडे. म्हणून इथे रिचार्ज हा चैनीचा खर्च उरलेला नाही. तो मीठ-मिरचीच्या बरोबरीने येतो.

अंगणातून ट्रॅकरपर्यंत

अंगणवाडी हा शब्द आणि त्यामागची कल्पना डहाणू तालुक्यात वाढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा ताराबाईंचा विचार होता. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाल्या. खडे, बिया, शिंपले ही तिथली शैक्षणिक साधने होती.

आजच्या अंगणवाडी सेविकेचे मुख्य साधन मोबाइल आहे. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले. मुलांची हजेरी, वजन, उंची, गरोदर मातांची नोंद आणि शिधावाटप हे सारे त्यात भरायचे असते. वजन-उंचीवरून मूल कुपोषणाच्या कोणत्या श्रेणीत आहे, हे अ‍ॅप लगेच दाखवते. पूर्वी हा तक्ता हाताने भरून पर्यवेक्षिकेमार्फत वर जायला आठवडे लागत. हा फायदा खरा आहे. पण दिलेल्या फोनची क्षमता अपुरी असल्याने 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी ते परत करण्याचे आंदोलन केले. 2025 मध्ये घरी नेण्याच्या शिध्यासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची अट आली. माता आणि सेविका एकमेकींना जन्मापासून ओळखत असल्या, तरी ओळख यंत्राने पटवावी लागते.

समुद्रावर

बंदरपट्टीत डहाणू, चिंचणी, बोर्डी, झाई या गावांतून बोटी समुद्रात जातात. मोबाइलची रेंज किनारा सोडला की लवकरच संपते. पुढे व्हीएचएफ वायरलेस कामाला येतो. त्याच्या लहरी सरळ जातात, म्हणून पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. संकटाच्या हाकेसाठी जगभर चॅनेल 16 राखून ठेवलेले आहे आणि तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आहे. जुना तांडेल तारे, पाण्याचा रंग आणि खोली मोजायचा दोर यांवर जागा ओळखे. आता जीपीएसवर ठिकाणे साठवलेली असतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने मोजलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, ते कळवते.

डहाणू-तलासरीचे अनेक आदिवासी गुजरातच्या ओखा, पोरबंदर, वेरावळ या बंदरांवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात सीमारेषा आखलेली नसते. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने बोट पकडली, की पहिली खबर शेजारच्या बोटीच्या वायरलेसवरून किनाऱ्यावर येते आणि फोनने पाड्यापर्यंत पोहोचते. त्यानंतर शांतता. कराचीच्या तुरुंगातील माणसाशी रोजच्या साधनांनी संपर्क होत नाही. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. एरवी दिवसातून तीनदा फोन येण्याची सवय झालेल्या घराला मग वर्षातून दोनदा निघणाऱ्या यादीकडे डोळे लावून बसावे लागते.

रेल्वे आणि वाडी

16 एप्रिल 2013 पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. चर्चगेटपासून हे अंतर 124 किलोमीटर. गाड्या कमी आणि अंतर मोठे, म्हणून लोकल किती उशिरा धावते आहे, हे कळणे पासधारकांच्या दृष्टीने फार मोलाचे असते. पूर्वी फलाटावरची घोषणा हाच आधार होता. आता आधीच्या स्टेशनवरचा प्रवासी व्हॉट्सअ‍ॅप गटावर खबर टाकतो.

घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकू झाडावरून उतरल्यावर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे तोड किती करायची, हे बाजारभावावर ठरते आणि भाव फोनवर कळतो. वारली चित्रकारांचेही तसेच. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे जगापुढे यायला भास्कर कुलकर्णी यांच्यासारखा जाणकार पाड्यावर यावा लागला होता. आजचा तरुण चित्रकार कागदावरचा रंग वाळण्याआधीच फोटो गिऱ्हाइकाला पाठवतो.

हादरे आणि अफवा

नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे सौम्य धक्के बसू लागले. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 तीव्रतेचा होता. घरांना तडे गेले आणि लोक थंडीत बाहेर झोपू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले. धक्क्याची वेळ आणि तीव्रता आता काही मिनिटांत फोनवर दिसते. मात्र ही माहिती धक्का बसून गेल्यावरची असते. भूकंप अमुक वाजता होणार, असे सांगणारे शास्त्र अजून नाही. त्यामुळे रात्री मोठा धक्का येणार असल्याचे जे संदेश फिरतात, ते निराधार असतात.

अशा वेळी फोन न लागण्याचे कारणही साधे आहे. एका टॉवरची एकाच वेळी कॉल जोडण्याची क्षमता ठरलेली असते. धक्का बसताच सारे गाव एकदम फोन करते आणि मार्ग तुंबतो. लहान मजकूर कमी जागा घेतो, म्हणून कॉलपेक्षा एसएमएस जाण्याची शक्यता अधिक असते. यावरचा आणखी एक उपाय म्हणजे सेल ब्रॉडकास्ट. त्यात टॉवर आपल्या कक्षेतील सगळ्या फोनना एकाच वेळी इशारा देतो, वेगवेगळे कॉल जोडावे लागत नाहीत. 2023 मध्ये देशभर याची चाचणी झाली.

अफवेचा सर्वांत भीषण अनुभव 16 एप्रिल 2020 चा. टाळेबंदी सुरू होती, बाजार बंद होते, बाहेरची माणसे येत नव्हती. मुले पळवणारे आणि अवयव चोरणारे फिरत असल्याचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पसरत होते. गावोगावी रात्रीचे पहारे बसले होते. त्या रात्री गडचिंचले येथे मुंबईहून सुरतकडे निघालेली गाडी अडवली गेली आणि जमावाने दोन साधू व त्यांचा चालक यांना ठार मारले. नंतर या घटनेला धार्मिक रंग देणारे संदेश फिरले. तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक झालेल्यांची यादी समाजमाध्यमावरच जाहीर केली. याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने पाच भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवण्याची मर्यादा घातली.

1945 चा तलवाडा आणि 2020 चे गडचिंचले यांच्यात पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. निरोपाचा वेग मधल्या काळात कित्येक पटींनी वाढला. पडताळणीची व्यवस्था त्या वेगाने वाढली नाही. उलट टाळेबंदीत बाजार बंद असल्याने, समोरासमोर विचारून खात्री करण्याची जुनी सोयही त्या दिवसांत नव्हती.

तुटल्यावर काय

अवलंबन किती आहे, ते जोडणी तुटल्यावर पर्याय कोणते उरतात यावरून मोजावे. पूर्वी तार गेली तर टपाल होते, टपाल रखडले तर बाजार होता. आता रेशन, मजुरी, बँक, 108 ची रुग्णवाहिका आणि भूकंपाची खबर हे सारे त्याच टॉवरवरून, त्याच विजेवर आणि बहुधा त्याच एका फोनवरून येते. एक दुवा तुटला की सगळे एकदम थांबते.

उपाय दोन दिशांनी होत आहेत. पहिला जाळे वाढवण्याचा : जुलै 2022 मध्ये केंद्राने देशातील 24,680 गावांत 4जी पोहोचवण्याची योजना मंजूर केली. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणारे भारतनेट त्याआधीपासून सुरू आहे. दुसरा उपाय जाळ्याविना काम चालू ठेवण्याचा. फोटो रेंजबाहेर काढून नंतर चढवणे, अंगठा न जुळल्यास वहीत नोंद करून धान्य देणे, बोटींवर मोबाइलबरोबर वायरलेसही ठेवणे, आपत्तीत दवंडी आणि मंदिर-शाळेचा भोंगा वापरणे, हे त्याचे प्रकार. पहिल्या उपायाला पैसा लागतो आणि डोंगराने अडवलेला शेवटचा पाडा त्यातूनही सुटू शकतो. दुसऱ्याला मुख्यतः नियमांची अंमलबजावणी लागते : रेशन दुकानात ती वही प्रत्यक्ष ठेवलेली असणे आणि रांगेतल्या माणसाला ती मागता येणे.